सतरा कळ्यांचे शरबत

सोलापुरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत रोज एक मोजणी होते. असरची, म्हणजे दुपार कलल्यानंतरची नमाज आटोपली की दादी गॅलरीत येतात, पदराने चष्मा पुसतात आणि कुंडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या मोजतात. सगळ्या नाहीत. ज्या पूर्ण पांढऱ्या झाल्या, टपोऱ्या फुगल्या, पण अजून उमलल्या नाहीत, तेवढ्याच. कळीवर हिरवट छटा असेल तर ती उद्याची. मग आत हाक जाते, "सतरा हैं आज. थाली ला."

नात स्टीलची ताटली घेऊन येते. दादी एकेक कळी देठाशी नखाने खुडतात. त्या ताटलीत पसरतात, वर ओलसर मलमलीचे फडके येते. सूर्यास्ताला अजून दीड तास असतो. घरात भज्यांचे पीठ भिजत असते, खजूर धुतले जात असतात, कलिंगड कापले जात असते. सतरा कळ्यांची ताटली मात्र आजच्या इफ्तारसाठी नाही. ती उद्याची तयारी आहे.

मोगरा आपल्याला नवा नाही. गजऱ्यात तो आहे, अत्तरात आहे, देवाच्या हारात आहे, मजारवरच्या चादरीत आहे आणि निकाहच्या सेहऱ्यातही आहे. पण मोगरा पिण्याचाही असतो, हे शहरातली घरे जवळजवळ विसरून गेली आहेत. दादींचे बालपण वाड्यात गेले. तिथे अंगणात मोगऱ्याचे मोठे झाड होते आणि उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये माठाच्या पाण्यात रात्री फुले पडत. रोजा सोडताना खजुरानंतर त्याच पाण्याचा पहिला घोट. वाडा गेला, अंगण गेले, झाडही गेले. फ्लॅटमध्ये आल्यानंतर काही वर्षे दादींनी त्या पाण्याचे नावही काढले नाही.

केसांचे फूल, तोंडाचे फूल

चार वर्षांपूर्वी रमजान एप्रिलमध्ये होता. सोलापूरचे ऊन, चौदा तासांच्या आसपासचा रोजा आणि सत्तरी ओलांडलेल्या दादी. नातीला कुणीतरी त्या जुन्या पाण्याची गोष्ट सांगितली होती. दादींना खूश करावे म्हणून तिने बाजारातून पाव किलो मोगरा आणला, धुतला आणि स्वच्छ पातेल्यात पाण्यावर सोडला. दादींनी झाकण काढले, वास घेतला आणि पातेले बाजूला सारले.

"ये बालां के फूलां हैं बेटा, मुँह के नहीं. पीने के पानी में नक्को डाल."

नात हिरमुसली. पण दादींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मोगऱ्याच्या शेतात कळी पोखरणारी अळी पडते. एक अळी एका कळीवर थांबत नाही, शेजारच्या चार कळ्याही आतून पोखरते. शिवाय कळ्या जांभळट करून गाळणारी बारीक माशी असते, फुलकिडे असतात, पानांवर लाल कोळी असतो. ज्याचे पोट फुलांवर आहे तो शेतकरी औषध फवारतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. तो फूल विकतो आहे, अन्न नव्हे. भाजीवर औषध मारल्यावर तोडणीपूर्वी काही दिवस थांबावे लागते. मोगऱ्याची तोडणी हंगामात रोजची असते. आज फवारलेल्या झाडाची कळी उद्या पहाटे बाजारात असते. गजरा केसात माळून रात्री उतरवायचा असतो, तिथे हे चालून जाते. तेच फूल आठ तास पाण्यात ठेवले आणि दिवसभर उपाशी असलेल्या पोटात ते पाणी गेले, तर चालत नाही. नळाखाली धुतल्याने फुलावरची धूळ जाते. पाकळीत मुरलेले औषध जात नाही.

म्हणजे प्यायचा मोगरा विकत मिळत नाही. तो घरीच लावावा लागतो. दादींच्या एका वाक्याचा अर्थ हा होता आणि नातीने तो मनावर घेतला.

मोगरा कोणता आणि मोगरा नव्हे ते कोणते

सुदैवाने शेजारी एक तेलुगू भाषक अक्का राहतात. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी घरे तेलुगू भाषक विणकरांची आहेत आणि त्या घरांत मोगऱ्यावाचून उन्हाळा जात नाही. अक्कांच्या गच्चीवर जुने झाड होते. पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी त्याच्या चार फांद्या कापून दिल्या. फांदी ना अगदी कोवळी, ना अगदी जून, वीतभर लांब, तीन पेरांची. खालची पाने काढायची, एक पेर मातीत जाईल इतकी खोचायची आणि सावलीत ठेवायची. चारपैकी दोन जगल्या. मोगरा बीपासून कुणी लावत नाही. फांदी खोचून किंवा दाबकलम करून तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

रोपवाटिकेतून रोप आणायलाही हरकत नाही. मात्र तिथे फवारणी झालेली असू शकते, म्हणून नव्या रोपाचा पहिला बहर फक्त वासासाठी ठेवावा. जुनी फुले, जुनी पाने गळून नवी फूट आली की त्यानंतरच्या बहराची फुले खाण्यापिण्यात वापरावीत.

जातींची नावे गावोगावी बदलतात. भरगच्च, गोल कळीचा बटमोगरा असतो, लांब कळीचा मदनबाण असतो, एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा असतो. शास्त्रीय नाव सगळ्यांचे एकच, जॅस्मिनम सँबॅक. यातला 'सँबॅक' हा शब्द अरबी 'झंबक'वरून आला आहे. पाण्यासाठी एकेरी किंवा कमी पाकळ्यांचा मोगरा सोयीचा. तो पूर्ण उमलतो आणि पाकळ्यांत किडा-मुंगी दडून राहत नाही.

इथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. इंग्रजीत 'जास्मिन' म्हणून ओळखली जाणारी कितीतरी झाडे जास्मिन नसतात. रातराणीला 'नाइट जास्मिन' म्हणतात. तिचा वास घमघमीत, पण झाड विषारी. ती मोगऱ्याच्या कुळातली नाही. तगरीला 'क्रेप जास्मिन' म्हणतात. पांढरीशुभ्र, सुंदर, पण फांदी मोडली की पांढरा चीक येतो. ती खाण्याची नाही. हल्ली शोभेच्या वेली विकणाऱ्यांकडे 'स्टार जास्मिन' मिळते, तिलाही चीक असतो. पिवळ्या फुलांची 'कॅरोलिना जास्मिन' तर इतकी विषारी की तिचे फूल चोखणेही धोक्याचे. पांढऱ्या कण्हेरीबद्दल वेगळे सांगायलाच नको.

खरा मोगरा ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पाने समोरासमोर, गोलसर, चकचकीत. फांदी मोडली तर चीक नाही. फूल पांढरे, जुने होताना किंचित जांभळट-तपकिरी होणारे. आणि वास असा की डोळे मिटूनही चुकणार नाही. जाई, जुई आणि चमेली ही मोगऱ्याचीच भावंडे. पण ओळखीबद्दल तिळमात्र शंका असेल तर ते फूल ओंजळीत ठेवावे, पेल्यात नाही.

कात्री लावायची हिंमत

फांद्या लागल्या, कुंडीत झाड वाढले. आणि पहिली दोन वर्षे त्याने नुसती पाने दिली. मोगरा लावलेल्या बहुतेकांचा अनुभव हाच असतो. झाड हिरवेगार, फूल एकही नाही. मग लोक आणखी खत घालतात, आणखी पाणी घालतात आणि झाड आणखी पाने देते.

याची कारणे तीन. पहिले ऊन. मोगऱ्याला रोज निदान सहा तास थेट ऊन लागते. या घरातली कुंडी सुरुवातीला शोभेसाठी दिवाणखान्याच्या खिडकीत होती. ती गॅलरीच्या पश्चिम टोकाला नेली. दुसरे खत. शेणखत किंवा गांडूळखत पुरेसे असते. नत्राचा मारा झाला की झाडाची सगळी ताकद पानात जाते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे छाटणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुन्या लाकडावर ती येत नाही. नवी फूट हवी तर जुनी फांदी कापायला हवी.

दादींचा हात धजेना. हिरवे झाड विनाकारण तोडू नये, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. अक्का मात्र थेट कात्री घेऊनच आल्या. "दादी, केस वाढवायचे तर टोकं कापायला लागतात ना? तसंच हे."

तमिळनाडूत, जिथे मोगऱ्याची शेती मोठ्या प्रमाणावर होते, तिथे कृषी विद्यापीठाची शिफारस नोव्हेंबरच्या अखेरीस झाड जमिनीपासून साधारण 50 सेंटिमीटरवर छाटण्याची आहे. म्हणजे मार्चपासून फुले सुरू होतात. कुंडीतल्या लहान झाडाची उंची त्या मानाने अर्धी-पाऊण ठेवावी. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करून झाडाला थोडा ताण द्यावा. छाटणीनंतर वरची माती उकरून मूठ-दोन मुठी शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी, मग पाणी सुरू करावे. पहिला बहर ओसरला की फुले आलेले शेंडे दोन-तीन पानांच्या जोड्यांसकट पुन्हा खुडावेत. महिना-दीड महिन्यात पुढचा बहर येतो. असे उन्हाळाभर चालते.

कुंडी निदान 12 ते 14 इंचांची हवी आणि तळाला भोके मोकळी हवीत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग जाडसर वाळू किंवा कोकोपीट हे मिश्रण चालते. सोलापूरसारख्या भागात काळ्या मातीत चुना जास्त असतो आणि बोअरचे पाणी जड असते. अशा मातीत मोगऱ्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नसल्याची ही खूण. नुसती काळी माती न वापरता खताचे प्रमाण वाढवावे, वर्षाआड माती बदलावी आणि चुलीची राख घालू नये. ती आणखी बिघडवते.

पाण्याचा प्रश्न या शहरात वेगळाच. नळ रोज येत नाही. प्यायला साठवलेले पाणी झाडाला घालायला कुणाचे मन होत नाही. या घरात त्यावर उपाय सापडला तो वुजूचा. नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याला वुजू म्हणतात. त्यात साबण नसतो. पाच वेळच्या नमाजचे वुजू घरातली माणसे आता बादलीवर ठेवलेल्या पाटावर बसून करतात आणि बादलीतले पाणी मोगऱ्याला जाते. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी उधळू नये, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण लहान मुलांनाही ठाऊक असते. बादली ठेवल्यावर आपण किती उधळत होतो, ते घराला दिसले. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मात्र कुंडीला घालू नये, त्यात क्षार साचलेले असतात.

कीड पडली तर? प्यायच्या मोगऱ्यावर औषधाची बाटली चालणार नाही, हे एकदा ठरले की बाकीचे हातांनी करायचे असते. एका कुंडीत ते जमते. भोक पडलेली, जांभळट झालेली कळी दिसताच खुडून कचऱ्यात टाकावी, कुंडीत नाही. लाल कोळ्याची जाळी दिसली की पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारावा. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायचीच असेल तर ती कळी धरण्यापूर्वी करावी. वापरायच्या फुलांवर तीही नको.

छाटणी झाली तेव्हा कुंडीत नुसती खुंटे उरली होती. दादी दोन दिवस तिकडे बघेनात. फेब्रुवारीत प्रत्येक खुंटाला दोन-दोन कोंब फुटले. मार्चमध्ये शेंड्यांवर हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या बसल्या. त्या सकाळी दादींनी फोन करून मुलीला सांगितले, जावयालाही सांगितले.

फुलाचे घड्याळ

मोगरा रात्रीचे फूल आहे. दुपारी कळी मिटलेली असते आणि तिला फारसा वासही नसतो. सूर्य मावळला की पाकळ्या सुटू लागतात आणि पुढचे काही तास सुगंध सर्वांत दाट असतो. पहाटेनंतर तो उतरू लागतो. म्हणून दुपारी उशिरा टपोरी कळी खुडायची, संध्याकाळी ती हवेवर उमलू द्यायची आणि रात्री तिचा सुगंध पाण्याला द्यायचा.

रोजेदाराचा दिवस या घड्याळाला असा काही जुळतो की दादींना वेळ वेगळी सांगावी लागत नाही. असरनंतर खुडणे. मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजच्या वेळी, रोजा सुटतो तेव्हा कळ्यांची तोंडे सुटू लागतात. इशाची नमाज आणि तरावीह आटोपून घरातले मशिदीतून परततात तेव्हा ताटलीत सतरा फुले उघडलेली असतात. तेव्हा ती पाण्यात जातात. सहेरीसाठी, पहाटेपूर्वीच्या जेवणासाठी, घर उठते तेव्हा ती बाहेर काढायची. त्याहून जास्त वेळ ठेवली तर पाकळ्या तपकिरी होतात आणि पाणी कडवट होते.

हे घड्याळ इतरांनीही ओळखले आहे. चीनमधल्या फुजो शहराच्या परिसरात मोगऱ्याचा चहा होतो. हे झाड तिथे दक्षिण आशियाच्या बाजूने गेलेले. तिथेही कळ्या दुपारी खुडतात, संध्याकाळी उमलू देतात आणि रात्रभर चहाच्या पानांत मिसळून ठेवतात. सकाळी फुले वेगळी करतात आणि उंची चहासाठी पुढच्या रात्री ताज्या फुलांनी तेच पुन्हा करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली फुजोच्या या परंपरेला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. थायलंडमध्ये कडक उन्हाळ्यात मोगऱ्याची फुले रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवतात आणि त्या गार पाण्यात भात घालून खातात. त्याला 'खाओ छे' म्हणतात.

आपल्याकडचा वारसाही लहान नाही. माळव्याच्या सुलतानांच्या मांडू दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'नेमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध होऊ लागला. त्यात अन्न, पेये आणि विडा फुलांनी सुगंधित करण्याच्या कृती आहेत. अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी'त बादशाही सुगंधखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात सुवासिक फुलांची यादीच आहे. सोलापूरच्या शेजारचे विजापूर तर आदिलशाहीत सुगंधासाठी ख्यातच होते. दादींना यातले काही ठाऊक नाही. त्यांच्याकडे हे ज्ञान आईच्या माठातून आले आहे.

पाणी, दूध, साखर

कृती अगदी थोडी आहे. उमललेल्या फुलांचा हिरवा देठ काढून टाकावा, कडवटपणा त्यात असतो. फुले हलक्या हाताने झटकावीत, गार पाण्यातून एकदा काढावीत. एक लिटर उकळून पूर्ण गार केलेल्या पाण्यासाठी 15 ते 20 फुले पुरतात. फुले पाण्यावर तरंगत ठेवावीत, बुडवून कुस्करू नयेत. भांडे झाकावे आणि फ्रिजमध्ये किंवा गार जागी सहा-सात तास ठेवावे. पहाटे फुले काढून पाणी मलमलीतून गाळावे आणि इफ्तारपर्यंत फ्रिजमध्येच ठेवावे. ते त्याच दिवशी संपवावे.

शरबतासाठी या पाण्यात खडीसाखर विरघळवावी आणि भिजवलेला सब्जा घालावा. लिंबू घातलेच तर थेंबभर, नाहीतर मोगरा हरतो. केशर, वेलची, गुलाबपाणी यातले काहीही नको. मोगऱ्याला सोबत आवडत नाही. पाणी कधीही तापवू नये, वास उडून जातो. फिरनी करायची असेल तर ती शिजवून, कोमट करून मग त्यात अर्धी वाटी मोगऱ्याचे पाणी मिसळावे, किंवा गार दुधावर फुले रात्रभर ठेवून ते दूध शेवटी घालावे. साखरेच्या बरणीत मलमलीच्या पुरचुंडीत चार-पाच कोरडी फुले रात्रभर ठेवली आणि सकाळी काढली, असे तीन-चार दिवस केले की साखरेला वास लागतो. ईदच्या शीरखुर्म्यात ती साखर घातली की पाहुणे विचारतात, यात काय आहे?

दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्याव्यात. ज्यांना परागकणांची किंवा फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी हे पाणी टाळावे किंवा आधी घोटभरच घेऊन पाहावे. आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दक्षिणेत दूध आटवण्यासाठी मोगऱ्याची फुले छातीवर बांधण्याची जुनी रीत आहे. तिच्यावर अभ्यास झाला आणि रीत परिणामकारक असल्याचा निष्कर्ष 1988 साली प्रसिद्ध झाला. तो उपाय बाहेरून करायचा, पाण्याबद्दल तो काही सांगत नाही. पण जपलेले बरे.

एक प्रश्न दरवर्षी निघतो. कळ्या खुडताना वास नाकात जातो, मग रोजाचे काय? फुलांचा वास घेतल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. सुवासिक फूल कुणी दिले तर ते नाकारू नये, ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते, अशी पैगंबरांची शिकवणही हदीसमध्ये आली आहे.

चांद मागे सरकतो

इतके सगळे समजून घेतल्यावर एक गोष्ट उरते आणि दादी कळ्या मोजतात ती तिच्यामुळे.

इस्लामी वर्ष चांद्र आहे आणि त्यात अधिक महिना नसतो. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सगळ्या ऋतूंतून फिरून तो पुन्हा त्याच जागी यायला सुमारे 33 वर्षे लागतात. मोगरा मात्र सूर्याचे ऐकतो. मार्च ते जून हा त्याचा खरा मोसम. म्हणजे रोजा आणि मोगरा यांची गाठ 33 वर्षांतल्या दहा-अकरा वर्षांपुरतीच पडते.

दादींच्या आयुष्यात ही गाठ तीनदा पडली. 1950 च्या दशकात त्या लहान होत्या. रमजान जूनमधून एप्रिलकडे येत होता, वाड्यात माठ भरलेला होता. 1983 ते 1990 या काळात तो पुन्हा जूनपासून मार्चपर्यंत आला. तेव्हा त्या सून होत्या आणि माठ भरण्याचे काम त्यांच्याकडे होते. तिसरी खेप 2016 च्या सुमारास सुरू झाली. तिची बरीच वर्षे फ्लॅटमध्ये, कुंडीशिवाय गेली. झाड आले, पानांतच अडकले, मग कात्री लागली. गेल्या वर्षी मार्चमधल्या रमजानमध्ये जेमतेम एका जगापुरती फुले मिळाली.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. पहिले वीस रोजे कुंडीकडे बघण्यात गेले. अखेरच्या दहा दिवसांत कळ्या पांढऱ्या होऊ लागल्या. पहिल्या दिवशी सहा, मग नऊ, मग अकरा, मग सतरा. पुढच्या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होईल, तेव्हा शेवटच्या एक-दोन दिवसांत चार कळ्या मिळाल्या तर मिळाल्या. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. 2030 मध्ये तर वर्षाच्या दोन्ही टोकांना, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी, असा दोनदा रमजान सुरू होईल. थंडीत मोगरा झोपलेला असतो. भर उन्हाळ्यातला रमजान आता 2050 च्या आसपास. दादींनी हे गणित कागदावर केलेले नाही, पण त्यांना ते पुरते ठाऊक आहे.

म्हणून या आठवड्यात कळ्या खुडून झाल्यावर त्या आणखी एक काम करून घेतात. झाडाची खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या लहान कुंडीत दाबायची, पेरापाशी साल किंचित खरवडायची, वर माती आणि एक दगड. पावसाळ्यापर्यंत मुळे धरतील, मग मूळ झाडापासून ती कापायची. हे दाबकलम. एक कुंडी पुण्याला दिलेल्या मुलीसाठी, एक खालच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडासाठी. नातीने विचारले, "दादी, पण पुढे इतकी वर्षं रमजानमध्ये फुलंच नसतील, मग आत्ता एवढी घाई कशाला?"

कयामतची घडी येऊन ठेपली आणि कुणाच्या हातात रोप असेल, तर जमल्यास त्याने ते लावूनच टाकावे, या अर्थाची हदीस या घरात सर्वांना माहीत आहे. दादींनी ती सांगितली नाही. त्या म्हणाल्या, "फूलां नहीं तो क्या, झाड तो रहेगा. नोव्हेंबर में काटना भूल नक्को."

आता तरावीहनंतर सतरा फुले पाण्यावर आहेत. उद्या संध्याकाळी अजान होईल, खजूर तोंडात जाईल आणि मग लहान लहान ग्लास भरले जातील. जग एक लिटरचा आहे, घरात माणसे सहा. सातवा ग्लास झाकून शेजारी अक्कांकडे जाईल. परवा अक्का संकोचाने म्हणाल्या होत्या, शुक्रवारी देवीला हार करायचा होता, दोन-चार कळ्या मिळतील का? त्या दिवशी जग अर्धाच भरला होता.